दुपाखी छपराचे आधुनिक रूप : यवतमाळ जिल्ह्यातील एककुटुंबी घराचा चिकित्सक विचार

प्रास्ताविक

यवतमाळ शहराभोवतीच्या नव्या लेआउटांमध्ये, तसेच जिल्ह्यातील तालुक्यांच्या गावीही, बंगलेवजा घरांच्या माथ्यावर अलीकडे कोठे कोठे उतरती छपरे पुन्हा दिसू लागली आहेत. एक पिढीपूर्वी ज्या घरांनी कवेलू उतरवून स्लॅब टाकला, त्याच घरांतील मुले आज वास्तुशिल्पज्ञाकडे दुपाखी छपराचा आग्रह धरतात. या मागणीस ‘आधुनिक’ आणि ‘पर्यावरणपूरक’ ही दोन विशेषणे बहुधा जोडलेली असतात. परंपरेकडे वळण्याची ही प्रवृत्ती स्वागतार्ह वाटते. तथापि जे परत येत आहे ते नेमके काय, याची चिकित्सा मात्र फारशी झालेली नाही. कवेलूच्या घरात छपराचा उतार ही एका मोठ्या व्यवस्थेची दृश्य बाजू होती. सावली, वारा, पाणी, साठवण आणि दरवर्षीची शाकारणी या सर्वांचा मेळ त्या उतारात होता. नव्या घराने यातील किती स्वीकारले आणि किती केवळ चित्रासारखे वापरले, हा प्रस्तुत विवेचनाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

कवेलूच्या घराची रचना

विदर्भाच्या पश्चिम भागात, बुलढाणा-अकोल्याकडे, मातीच्या सपाट धाब्याची घरे मोठ्या प्रमाणावर होती. पूर्वेकडे पाऊस वाढतो, जंगल दाट होते, आणि धाब्याची जागा उतरते छप्पर घेते. यवतमाळ जिल्हा या दोन प्रदेशांच्या संधीवर आहे. सागवान आणि बांबू ही येथील जंगलाची देणगी, आणि कवेलू ही कुंभाराची. कुंभार चाकावर निमुळती नळी ओढतो, ती ओली असतानाच उभी चिरतो आणि एका नळीची दोन कवेलू होतात. अर्धगोल, हलके, हाताच्या मापाचे हे कवेलू एकमेकांवर नुसते रचलेले असते. ते कशानेही चिकटविलेले नसते.

या न चिकटविण्यातच त्याचे मर्म आहे. कवेलूंच्या असंख्य फटींतून आढ्याशी साचणारी तप्त हवा सतत बाहेर पडते. कवेलू पातळ असल्याने दुपारी ते लवकर तापते. परंतु सूर्य मावळताच तितक्याच लवकर निवते. काँक्रीटच्या स्लॅबचे वर्तन याच्या नेमके उलट असते. दिवसभर शोषलेली उष्णता तो रात्री खोलीत सोडतो, आणि मे महिन्यात, पारा ४२-४४ अंशांवर असताना, माणसाला विसावा हवा त्याच वेळी खोली सर्वाधिक तापलेली असते. दुपारच्या तापावर जुन्या घराचा उपाय वेगळा होता. तुळयांवर लाकडी पटई, तिच्यावर मातीचा थर, म्हणजेच माळा. छप्पर आणि राहती खोली यांच्यामध्ये हवेचा एक पूर्ण मजला उभा राही. याच माळ्यावर धान्य, गोवऱ्या, जुनी अवजारे ठेवली जात. साठवण आणि उष्णतारोध ही दोन्ही कामे एकाच रचनेने भागत.

भिंतींविषयीही एक गोष्ट ध्यानी घेण्याजोगी आहे. अशा घराचे छप्पर पुष्कळदा लाकडी खांबांवर उभे असे. मातीची भिंत किंवा बांबूचा कुड केवळ आडोसा करी. वऱ्हाडातील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्या या हालचालीने भिंतीस चीर गेली तरी छपराला धोका नसे. चीर सारवून बुजविली जाई.

मराठी भाषेने या छपराचे अवयव म्हणींतून जपले आहेत. खाल्ल्या घरचे वासे मोजणारा, घर फिरले की फिरणारे वासे, आढ्याला न चढणारे वळचणीचे पाणी हे सारे दुपाखी घराचे अनुभव आहेत. स्लॅबखाली वाढलेल्या विद्यार्थ्यास म्हणीचा अर्थ सांगता येतो; वासा कशाला म्हणतात हे मात्र चित्र काढून दाखवावे लागते.

जुन्या घराचा गौरव करताना त्याच्या उणिवा झाकणे योग्य नव्हे. खोल्या अंधाऱ्या असत. कवेलूंतून धूळ, विंचू आणि साप उतरत. पावसाळ्यापूर्वी दरवर्षी कवेलू फेरावे लागत, त्यासाठी जाणता माणूस आणि फुटलेल्यांच्या जागी नवी कवेलू लागत. वानरांच्या टोळ्यांनी एका दुपारी छपराची केलेली नासधूस हा गावोगावचा अनुभव आहे. टिनपत्र्यांच्या प्रसाराची चर्चा करताना अभ्यासक दारिद्र्य आणि प्रतिष्ठा यांचा उल्लेख करतात, पण वानरांना क्वचितच श्रेय देतात. ज्या गृहिणीने पावसाळ्याच्या रात्री गळतीखाली भांडी मांडली तिने स्लॅब मागितला, यात तिची अभिरुची बिघडली असे म्हणता येत नाही.

आकार उरला, व्यवस्था गेली

आज बांधली जाणारी दुपाखी घरे बहुतांशी एकाच पद्धतीची आहेत. काँक्रीटचा स्लॅब सपाट न ओतता दोन उतारांत ओतला जातो आणि त्यावर सिमेंटच्या मसाल्यात कौले चिकटविली जातात. दूरवरून ते कौलारू घर दिसते. परंतु कौल आणि काँक्रीट यांच्यामध्ये हवेस जागा नाही, कौलांत फट नाही, आढ्याशी झरोका नाही. उष्णतेच्या दृष्टीने हा तिरपा केलेला स्लॅबच होय. शिवाय तिरप्या साच्यावर ओले काँक्रीट खाली ओघळते. कामात कसर राहिली की ते पोकळ राहते, आणि उतार असूनही छप्पर गळते. खर्च सपाट स्लॅबपेक्षा अधिक, सिमेंट आणि सळई तितकीच किंवा जास्त, आणि वर चढून वाळवण घालण्याची सोयही नाही. पर्यावरणाच्या नावाखाली केलेली ही तडजोड दोन्ही पद्धतींचे दोष एकत्र आणते.

आकाराचा असा चिन्ह म्हणून वापर वास्तुकलेला नवा नाही. अमेरिकन वास्तुशिल्पज्ञ रॉबर्ट व्हेंच्युरी यांनी फिलाडेल्फियात आपल्या आईसाठी बांधलेले, १९६४ साली पूर्ण झालेले घर याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. त्याच्या दर्शनी भागाचा त्रिकोण मधोमध दुभंगलेला आहे. ‘घर’ म्हटल्यावर लहान मूल जे चित्र काढते त्या चित्राशी व्हेंच्युरी जाणूनबुजून खेळतात. तेथे चिन्ह हे चिन्ह म्हणूनच मांडले आहे, त्याने उष्णता कमी होईल असा दावा कोणी केलेला नाही. यवतमाळच्या लेआउटमधील त्रिकोण मात्र पर्यावरणाचे प्रमाणपत्र गळ्यात घालून उभा असतो. म्हणून त्याची कसोटी कामगिरीवरच व्हावयास हवी.

या कसोटीस पहिला प्रश्न दिशेचा. आढ्याखालची तिकोनी भिंत रस्त्याकडे असली म्हणजे घर चित्रासारखे दिसते. त्यामुळे रस्ता ज्या दिशेला असेल त्या दिशेला त्रिकोण वळविला जातो. वस्तुतः यवतमाळ सुमारे २०.४ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि त्यावरून छपराची दिशा जवळजवळ ठरूनच जाते. आढे पूर्व-पश्चिम ठेवले तर लांब भिंती दक्षिणोत्तर येतात. २१ मार्चच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ७० अंशांवर असतो; अडीच फुटांची वळचण असेल तर दक्षिण भिंतीवर तिची सावली साडेसहा फुटांहून अधिक खाली उतरते. २१ डिसेंबरला तोच सूर्य ४६ अंशांवर असतो आणि त्याच वळचणीची सावली जेमतेम अडीच फूट पडते. खिडकीतून ऊन आत येते आणि यवतमाळच्या थंडीत ते हवेसेच असते. कोणतेही यंत्र न वापरता ऋतूप्रमाणे उघडणारा आणि मिटणारा हा पडदा आहे. पश्चिमेकडे मात्र वळचण निरुपयोगी ठरते, कारण दुपारी चारनंतरचे ऊन जवळजवळ आडवे येते. त्या बाजूस पडवी, न्हाणीघर, साठवणीची खोली किंवा कडुनिंबाचे झाड असावे लागते. नव्या घरांत नेमक्या याच बाजूस, रस्ता पश्चिमेस असल्यास, आढ्यापर्यंत काचेची न उघडणारी खिडकी बसविलेली आढळते. जेथून उष्ण हवा बाहेर जावयाची तेथून ऊन आत येऊ लागते.

दोन दाखले

वर्धा नदी ओलांडली की पलीकडच्या जिल्ह्यात सेवाग्राम आहे. गांधीजी १९३६ साली तेथे राहावयास आले, तेव्हा गावाचे नाव शेगाव होते. आदी निवास आणि मूळची मीराबहेन यांची असलेली बापू कुटी या वास्तू माती, लाकूड, बांबू आणि कवेलू यांच्या आहेत. जानेवारी १९३७ मध्ये ‘हरिजन’मध्ये आदर्श खेड्याचे वर्णन करताना गांधीजींनी पुरेसा प्रकाश व वारा असलेल्या आणि पाच मैलांच्या परिघात मिळणाऱ्या सामग्रीच्या झोपड्यांची अपेक्षा व्यक्त केली. लॉरी बेकर यांनी हे सूत्र आयुष्यभर प्रमाण मानले. अतुल देऊळगावकर यांच्या बेकरविषयक पुस्तकामुळे मराठी वाचकास हा धागा परिचित आहे. इव्हान इलिच यांनी १९७८ साली सेवाग्राम येथे केलेल्या भाषणातही बापू कुटीच्या आधारे, माणसाचे राहणे आणि वस्तूंची साठवण यांतील भेद मांडला.

बापू कुटीची थोरवी सांगताना तिचा साधेपणा तेवढा सांगितला जातो. वास्तुरचनेच्या अभ्यासकाने तिच्या भोवतालच्या सावलीकडे पाहिले पाहिजे. खाली उतरलेले छप्पर आणि पडव्या यांमुळे आतील भिंतींवर थेट ऊन येणे टळते. तथापि आजच्या कुटुंबाने बापू कुटीची प्रतिकृती बांधावी असे सुचविणे हा भाबडेपणा ठरेल. कुटीची निगा राखण्यास एक आश्रम आहे. नोकरदार पती-पत्नींच्या घरी शाकारणीस माणूस मिळत नाही. पाच मैलांचे सूत्रही आज जसेच्या तसे लागू होत नाही, कारण जंगलातील सागवान पूर्वीसारखे हाती येत नाही आणि हातकवेलू घडविणारा कुंभार अनेक गावांत उरलेला नाही.

दुसरा दाखला अहमदाबादचा आहे. चार्ल्स कोरिया यांनी १९६१-६२ मध्ये तेथे ‘ट्यूब हाउस’ या नावाने ओळखले जाणारे अरुंद आणि लांबट घर रचले. बाहेरून त्याचा छेद दुपाखी. आतून छताचा उतार तापलेली हवा आढ्याकडे नेतो, आढ्याजवळच्या फटीतून ती निघून जाते, आणि दाराजवळच्या फिरत्या झडपांतून ताजी हवा आत ओढली जाते. घर ही वास्तू आज अस्तित्वात नाही. विचार म्हणून मात्र ती टिकून आहे. कवेलूच्या घराची नक्कल न करता, त्याची व्यवस्था आधुनिक साधनांनी कशी पुन्हा उभारता येते याचे ते उत्तर होते. विदर्भाच्या संदर्भात त्याचा अभ्यास व्हावयास हवा होता तितका झालेला दिसत नाही.

जिल्ह्याच्या गरजा

कोरियांच्या छेदाची उपयुक्तता यवतमाळात एका वेगळ्याच कारणाने वाढते, आणि ते कारण म्हणजे कूलर. ओल्या ताट्यांतून हवा खेचून ती थंड करणारे हे यंत्र उन्हाळ्यात घराघरांत चालते. आत आलेली दमट हवा बाहेर गेली तरच त्याचा उपयोग होतो. खोली बंद असेल तर काही वेळाने चिकचिक सुरू होते. बाहेर पडण्याची वाट छताशी, म्हणजे तिकोनी भिंतीच्या टोकाशी असेल तर कूलर कमी वेगाने आणि कमी पाण्यात काम भागवितो. दुपाखी छपराच्या बाजूने देता येणारा हा बहुधा सर्वांत सबळ आधुनिक युक्तिवाद आहे. छपरांची जाहिरात करणारे साहित्य त्याचा उच्चारही करीत नाही.

पाण्याचा विषय येथे ओघानेच येतो. निळोणा आणि चापडोह धरणांवर अवलंबून असलेल्या यवतमाळ शहराने २०१८ च्या उन्हाळ्यात तीव्र टंचाई अनुभवली. ८० चौरस मीटर आडव्या क्षेत्रफळाच्या छपरावर ९०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याचे ८० टक्के पाणी हाती आले, तर ते सुमारे ५७ हजार लिटर होते. एवढ्यासाठी टाकी बांधणे सामान्य कुटुंबास परवडणारे नाही; विहीर किंवा बोअर यांचे पुनर्भरण हाच व्यवहार्य मार्ग राहतो. उतरत्या छपरावरून पाणी दोनच रेषांत खाली येते, त्यामुळे ते पन्हळीने गोळा करणे सोपे. पन्हळ नसेल तर मात्र तेच पाणी जोत्याच्या पायथ्याशी मुरते, काळी माती एका बाजूने फुगते आणि विटांची भिंत तडकते. जुन्या खांबांच्या घराने जे सोसले ते विटांच्या घरास सोसत नाही. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा मातीसाठी तळाशी फुगीर असलेल्या खांबांचा पाया विकसित केला आहे. अनेक घरांत मात्र पायावर वाचविलेला पैसा दर्शनी कौलांवर खर्च होतो.

कापसाचा विचार तर घराच्या आराखड्यात क्वचितच दिसतो. भाव वाढण्याची वाट पाहत शेतकरी कुटुंब कापूस राहत्या खोलीत साठविते. अंगाला खाज सुटते, आगीचे भय असते आणि मुलांच्या अभ्यासाची जागा जाते. कापसास कोरडी, हवेशीर आणि चुलीपासून व विजेच्या तारांपासून दूर अशी जागा हवी. पश्चिमेकडची साठवणीची खोली हे काम करते आणि उन्हाची भिंतही बनते. जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या एककुटुंबी घरास ‘आधुनिक’ म्हणावयाचे असेल तर त्यात कापसाची खोली आहे काय, हा प्रश्न आधी विचारला जावा.

सपाट स्लॅबचीही बाजू आहे आणि ती दुर्लक्षिण्याजोगी नाही. गच्चीवर कुरडया, सांडगे आणि मिरच्या वाळतात, उन्हाळ्यात रात्री अंथरुणे पडतात. स्तंभांवर बाहेर आलेल्या सळया शहरी डोळ्यास विद्रूप दिसतात. कुटुंबाच्या हिशोबात मात्र ती मुलाच्या मजल्याची पूर्वतयारी असते. दुपाखी छप्पर ही वाढ वरच्या दिशेने बंद करते, म्हणजे घर आडवे वाढले पाहिजे आणि त्यास मोठा प्लॉट पाहिजे. तेथे हा प्रकार मध्यमवर्गाची चैन ठरण्याचा धोका संभवतो. निजण्याच्या खोल्यांवर दुपाखी छप्पर आणि स्वयंपाकघर-न्हाणीघरावर सपाट गच्ची अशी मिश्र रचना हा त्यावरचा तोडगा ठरू शकतो. गच्चीच्या स्लॅबमध्ये खालच्या भागात कौले भरण्याची बेकर यांची पद्धत वापरली तर काँक्रीटही वाचते.

सूर्यऊर्जेच्या बाबतीत हिशोब थोडा गुंतागुंतीचा आहे. दक्षिणेकडचा २० ते २५ अंशांचा उतार सौर पॅनेलसाठी येथे जवळजवळ आदर्श आहे. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटच्या संचास ७८ हजार रुपयांचे अनुदान ठेवले गेले. पण हातकवेलूवर पॅनेल बसत नाही, आणि हातकवेलूस उतारही अधिक लागतो. मंगलोरी कौल, ज्याचा कारखाना बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरात काढला, किंवा हवेची पोकळी आणि खालून छत असलेला पत्रा, हे पर्याय या ठिकाणी हातकवेलूपेक्षा सरस ठरतात. स्मरणरंजन बाजूस ठेवून हे मान्य करावयास हवे. छपराची व्यवस्था सांभाळली गेली तर त्यावरचे आवरण कवेलूचे की पत्र्याचे, हा दुय्यम प्रश्न आहे.

‘पक्के’ या शब्दाचा अर्थ

केंद्र शासनाने २०१८ साली जाहीर केलेल्या ‘इको निवास संहिते’ने छपराच्या उष्णतावहनाची कमाल मर्यादा १.२ एककांवर ठेवली. साध्या, आवरण नसलेल्या काँक्रीट स्लॅबचे मूल्य याच्या तिपटीच्या आसपास जाते. म्हणजे ज्यास सर्वसामान्य माणूस पक्के छप्पर मानतो ते शासनाच्याच मापाने अपुरे ठरते. परंतु ही संहिता ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांसाठी होती. यवतमाळच्या लेआउटमधील सामान्य प्लॉट तिच्या कक्षेत येत नाही, आणि खेड्यातील घरकुल तर नाहीच.

घरकुलांच्या धोरणात ‘कच्चे’ आणि ‘पक्के’ हे दोनच वर्ग प्रभावी राहिले आहेत. २०११ च्या जनगणनेने छपरांची नोंद करताना हाताने केलेली कौले आणि यंत्रावर केलेली कौले असे निराळे रकाने ठेवले. लोकव्यवहारात पहिल्या रकान्यातील घर कच्चे समजले जाते. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागात किमान २५ चौरस मीटरच्या घरासाठी सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपयांचे साहाय्य ठरविले गेले. त्या चौकटीत स्थानिक हवामानानुसार आराखडे देण्याचा प्रयत्नही झाला. ‘पहल’ या नावाने विविध राज्यांतील ग्रामीण घरांच्या नमुन्यांचा संग्रह ग्रामविकास मंत्रालयाने प्रसिद्ध केला. छापील आराखडा आणि गावातील ठेकेदार यांच्यातील अंतर मात्र मोठे आहे. ठेकेदारास जे येते तेच बांधले जाते.

या अंतराची झळ कोलाम वस्त्यांना सर्वाधिक पोहोचते. केळापूर, मारेगाव, झरी जामणी या तालुक्यांतील पोडांवर राहणाऱ्या कोलामांची बांबूकामातील हातोटी सर्वश्रुत आहे. बांबूचा कुड आणि गवताचे किंवा कवेलूचे दुपाखी छप्पर हे त्यांचे परंपरागत घर. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन अभियानात विशेष असुरक्षित आदिवासी समूहांतील कुटुंबास घरासाठी दोन लाख रुपयांची तरतूद झाली, आणि कोलाम त्यात समाविष्ट आहेत. गळक्या कुडातून सुटका हा त्यांचा हक्कच आहे. प्रश्न असा की, जिल्ह्यातील सर्वांत कुशल बांबू-कारागीर स्वतःच्या घराच्या बांधकामात केवळ बिगारी म्हणून का उरावा? खासगी जमिनीवरील बांबू २०१७ च्या दुरुस्तीने ‘वृक्षा’च्या कायदेशीर व्याख्येतून वगळला गेला आहे, २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभांना बांबूवर अधिकार दिला आहे, आणि प्रक्रिया केलेला बांबू कीड न लागता दीर्घकाळ टिकतो. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे १९७६ पासून काम करणाऱ्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने कुंभाराच्या शंकाकृती कौलांपासून लाकडाविना छत उभारण्याचे तंत्रही सिद्ध केले आहे. सामग्री, कायदा आणि तंत्र अशी तिन्ही अंगे शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या टापूत उपलब्ध असताना अडचण कौशल्याच्या मान्यतेपाशी येऊन ठेपते. ग्रामीण आवास योजनेबरोबर प्रशिक्षण आखले गेले ते गवंड्याचे. प्रमाणपत्रही त्यालाच मिळते. वासे आणि आढे जुळविणारा सुतार, कवेलू घडविणारा कुंभार आणि बांबू बांधणारा कोलाम यांच्यासाठी तसाच अभ्यासक्रम जिल्ह्यातील तंत्रनिकेतने आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था एका सत्राचा का होईना आखू शकतात. त्यासाठी लागणारे शिक्षक पोडांवर आणि कुंभारवाड्यांत अजून हयात आहेत, आणि त्यांतील बहुतेक वयस्क आहेत.